पाव्हण्याला पडदा

सरडा घरात आला तेव्हा मी रजेवर होते, आणि ती रजा मी सरड्यासाठी घेतलेली नव्हती. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यातून सुटल्यावर निफाडजवळच्या गावी परत न पाठवता आम्ही त्यांना सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. उजवी बाजू लुळी, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं एकेका शब्दापुरतं. जन्मभर द्राक्षबाग सांभाळलेला उंचापुरा माणूस आता हॉलमधल्या दिवाणावर उशांना टेकून बसलेला असायचा. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. गिळायला अडचण नाही, तेव्हा यांनी तोंडाने पोटभर खाल्लं पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि अण्णा खात नव्हते. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटून मान भिंतीकडे. मुगाचं कढण, नाचणीची पेज, गुरगुट्या भात, सगळं करून झालं होतं. सगळं बिनतिखटाचं, बिनफोडणीचं, पथ्याचं. मी रोज ते ताट तसंच्या तसं परत स्वयंपाकघरात नेत होते आणि रोज माझं डोकं थोडं जास्त फिरत होतं.

अशा घरात माझ्या लेकीने सरडा आणला.

तिची कॉलेजमधली मैत्रीण शिकायला परदेशी चालली होती आणि तिने पाळलेला हा प्राणी कुणीतरी घ्यायला हवा होता. तो कुणीतरी म्हणजे आम्हीच का, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या बांधावर दिसतो तो घोयरा सरडा हा नव्हे. तो कायद्याने पाळताही येत नाही. हा परदेशी जातीचा, रीतसर नोंद केलेला. हिरवा, डोक्यावर गांधी टोपी उलटी घातल्यासारखा तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. "आजोबांना तेवढाच विरंगुळा होईल गं आई," लेक म्हणाली. आमच्या घरात जी जी नसती ब्याद आली, ती कुणाच्या ना कुणाच्या विरंगुळ्यासाठीच आली. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "राहू दे गं, खातो काय तो बिचारा," आणि सातपूरच्या कंपनीत निघून गेले. खातो काय, हाच पुढे प्रश्न होणार होता.

लेकीने मला आश्वासन दिलं की त्याचं सगळं तीच करेल. सकाळी सातला ती प्रॅक्टिकलला जाते आणि तिन्हीसांजेला उगवते. म्हणजे ते सगळं कोण करणार होतं, हे पिंजरा दारातून आत येण्याआधीच मला दिसत होतं.

पिंजरा दारातून लगेच आत आलाही नाही. अण्णांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, येवल्याहून मला मदत म्हणून येऊन राहिल्या होत्या. मदत म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या चुका काढणं. पण घरात नवीन जीव येतोय म्हटल्यावर त्यांनी लेकीला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरीचा तुकडा घेतला, पेल्यात पाणी घेतलं, आणि सुनेवरून ओवाळावं तसं त्या उंच जाळीच्या पिंजऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतला प्राणी बघता बघता हिरव्याचा काळपट झाला. "बघ, कसा खुलला," आत्याबाई म्हणाल्या. तो खुलला नव्हता, भेदरला होता. पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

पिंजरा हॉलमध्ये ठेवला, कारण उजेड आणि जागा दोन्ही तिथेच. त्यामुळे तो अगदी अण्णांच्या दिवाणासमोर आला. अण्णांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि आठवड्यातला पहिला नवा शब्द काढला. "पाव्हणा," ते म्हणाले. लेकीने त्याला काहीतरी झोकदार इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण त्या दिवसापासून घरात तो पाव्हणाच झाला. मैत्रिणीकडून सूचनांचा ढीग आला होता: एका कोपऱ्यात ऊब हवी, खास दिवा हवा, पानं खरी हवीत, पाणी ताजं हवं. त्यात जानेवारीची थंडी. निफाडला पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना गारठा लागू नये म्हणून. अण्णा आयुष्यभर त्या शेकोट्यांपाशी उभे राहिले. आता त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची सून एका सरड्यासाठी दिव्याची उंची मागेपुढे करत, हात आत घालून ऊब लागते का ते बघत होती. शनिवारी लाइट जायची ती वेगळीच. मग मी गरम पाण्याच्या पिशव्या, एक अण्णांच्या पायाशी आणि एक पिंजऱ्याला टेकवून, अशी धावपळ करायची.

पाण्याचा वेगळाच तमाशा. मी आपली चांगली स्टीलची वाटी भरून आत ठेवली. पाव्हण्याने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ह्या महाशयांना साठलेलं पाणी दिसतच नाही. ते पानावरून ओघळणारे थेंब तेवढे चाटतात. म्हणजे मी दिवसातून अनेकदा, कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली घेऊन, पिंजऱ्यातल्या मनीप्लँटवर पाऊस पाडायचा. मी बाटली दाबत उभी, पाव्हणा डोळे गरगरा फिरवत बसलेला, आणि मागून आत्याबाई विचारणार, "तो पिला का? तो नाय पित, तू लय जवळ उभी राहतीस." त्या वेळी मला त्यांचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

आणि खाणं. त्याला जिवंत किडे लागतात. रातकिड्यांचा डबा कुरिअरने घरी आला. तो आत्याबाईंनी चिवडा समजून उघडला. पुढचा आठवडाभर आमच्या फ्रिजमागे, दिवाणाखाली, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात भरदिवसा रातकिडे किरकिरत होते. सापडले तेवढे मी वर्तमानपत्राने हाकून एका वाटीत धरले आणि ती वाटी पिंजऱ्यात ठेवली. म्हटलं, घे बाबा, जेव एकदाचा. पाव्हण्याने तोंड फिरवून दुसऱ्या फांदीवर बस्तान हलवलं.

घरात आधी एक न जेवणारा होता, आता दोन झाले. मी समोरासमोर दोन वाट्या घेऊन उभी, एकीत कढण, एकीत किडे, आणि दोन्हीकडून एकच उत्तर. माणसाने किती सहन करायचं?

तरी ह्या सगळ्यापेक्षा मला छळलं ते बघायला येणाऱ्यांनी. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं असतं. नाही गेलं तर वर्षानुवर्षं बोल लागतो. अण्णांचा गोतावळा मोठा, आणि हंगाम द्राक्षांचा. पिंपळगावला माल टाकला की रिकामा टेम्पो घेऊन मंडळी थेट सिडकोत. येताना द्राक्षांची पेटी, कांद्याची अर्धी गोणी, कोथिंबिरीच्या जुड्या; रिकाम्या हाताने कुणी आलं नाही, हे खरंच. पण दिवाणाभोवती खुर्च्या मांडून, गुडघ्यावर हात ठेवून, पाचसहा जण एकत्र अण्णांकडे बघत बसायचे. "आण्णा, वळखलं का?" प्रत्येकाने विचारायचं. मग, "काय व्हता मानूस आन काय झाला," हे त्यांच्यासमोरच, जणू त्यांच्या कानांनाही झटका आला होता. आणि मी ताट आणलं की सगळ्यांचा हुरूप वाढायचा. "घ्या आण्णा, एक घास घ्या, आमच्यादेखत घ्या!" गावी परत जाऊन अण्णा जेवले एवढी बातमी त्यांना सांगायची असायची. मायेपोटीच चाललेलं होतं सगळं. पण वाकड्या तोंडातून कढणाचा ओघळ हनुवटीवर यायचा, मी पंच्याने पुसायची, आणि सहा जण ते बघायचे. अण्णा ओठ मिटून घ्यायचे.

आता त्यांच्या बघण्याला दुसरं निमित्त मिळालं. अण्णांना बघून झालं की मंडळी खुर्च्या वळवून पिंजऱ्याकडे बघत बसायची. आलेला प्रत्येक पुरुष, मग तो चुलत असो की मावस, एकच विनोद करायचा: "हा कुठल्या पक्षाचा हाय?" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा. पहिल्यांदा मीही हसले. नंतर नंतर चहा देताना मी तो विनोद येण्याची वाट बघायची, म्हणजे एकदाचा आला की सुटले. बायकांना तो रंग बदलतो कधी ते बघायचं असायचं. एकीने त्याच्यासमोर स्वतःचा लाल पदर धरला. दुसरीने अण्णांच्या औषधांची निळी पिशवी धरली. तो समोरच्या रंगाप्रमाणे रंग बदलत नाही, त्याच्या मनात जसं असेल तसा बदलतो, असं लेकीने मला सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगत राहिले. कुणीही ऐकलं नाही. "जरा धरा ना तुमची हिरवी साडी," मलाच म्हणाल्या. अण्णांचा एक पुतण्या तर जाळीवर टकटक करून, "अय, कर की रंग!" म्हणून दरडावत होता. आत्याबाईंना पंचांगातलं पाल आणि सरडा अंगावर चढल्याचं पान मुखपाठ. कुठल्या अवयवावर चढला की काय फळ, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, वर मी पिंजऱ्यात हात घातला की अंघोळ करायला लावायच्या. जानेवारीत. मी एकदा केली, मग पिंजऱ्यातून हात काढला की पदराखाली लपवायला लागले.

पाव्हणा मात्र दिवसेंदिवस काळवंडत चालला. हिरवा रंग कधीतरी पहाटे, कुणी उठायच्या आधी, तेवढा दिसायचा. मग भरदुपारी डोळे मिटून बसायला लागला. लेकीने मोबाइलवर वाचलं की दिवसा डोळे मिटणं हे चांगलं लक्षण नाही, डोळे आत गेले की संपलंच. ती पिंजऱ्यासमोर मांडी घालून तासन्‌तास त्याच्याकडे बघत रडायची. "मी त्याला मारायला आणलं का गं आई?" तिने विचारलं. मला तिचा राग आला होता, सगळ्यांचाच आला होता, तरी मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. "नवीन जागा आहे, रुळेल," मी म्हटलं. अण्णांना आणलं त्या आठवड्यातही मी ह्यांना हेच म्हटलं होतं.

"रुळंल कसा?" आत्याबाई म्हणाल्या. "नजर लागली त्याला. इतकी मानसं येत्यात आन टकामका बघत्यात. सोन्यासारखा जीव, दृष्ट नाय लागायची तर काय!"

अण्णांची दृष्ट त्या तशाही काढतच होत्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या मोहऱ्या घेतल्या, मीठ घेतलं, लाल मिरच्या घेतल्या, आणि आधी अण्णांवरून व मग पिंजऱ्यावरून उतरवून ते सगळं तव्यावर टाकलं. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर घरभर मिरच्यांचा धूर. अण्णा खोकून लालबुंद, आत्याबाई खोकतायत आणि खोकता खोकता समाधानाने सांगतायत, "बघ, किती लागली व्हती, मिरच्यांचा वास नाय येत म्हनतात, इथं बघ कसा ठसका!" ठसका लागला तर दृष्ट लागली नव्हती असा अर्थ होतो, हे त्यांच्याच शास्त्रातलं त्यांना आठवत नव्हतं. पिंजऱ्याच्या तळाशी पाव्हणा काळाठिक्कर पडून चिकटला होता. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, आणि आत्याबाईंना असं काही बोलले जे सुनेने सासऱ्यांच्या बहिणीला बोलू नये. त्या देव्हाऱ्यापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिथेही रातकिडा किरकिरत होता.

लेकीने गंगापूर रोडवरच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला होता. पक्षी, कासवं, असल्यांचंही बघतात म्हणे. मी फोन लावला आणि एका दमात सगळं ओतलं: दिवा, ऊब, पाणी, किडे, धूर. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "दिवा ठीक आहे, पाणी ठीक आहे. धूर पुन्हा नको. मला एक सांगा, पिंजरा कुठे ठेवलाय?"

"हॉलमध्ये."

"किती माणसं बघतात त्याला?"

"बघणारच ना," मी म्हटलं. माझा आवाज चढलेलाच होता. "सगळेच बघतात. पाळलाय कशाला मग?"

"ताई," ते म्हणाले, "झाडावर त्याच्याकडे कुणी टक लावून बघत असेल तर तो एकाच कामासाठी बघत असतो. त्याला खायला. तुमच्या घरी रोज दहाजण येऊन त्याच्याकडे टक लावतात. तुम्ही किडे देऊन समोरच उभ्या राहता ना, खातो का बघायला?"

मी पिंजऱ्यासमोरून दोन पावलं मागे सरकले.

"तो मरेल, पण तुमच्यादेखत जेवणार नाही. चारी बाजूंनी कापड लावा, वरून उजेड येऊ द्या. किडे ठेवा आणि निघून जा. डोकावायचं नाही. त्याचा रंग, त्याची तब्येत, सगळं पुढे बघू. आधी बघणं बंद."

फोन ठेवला. आत्याबाई देव्हाऱ्यापासून सगळं ऐकत होत्या, कारण मी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. नजर लागली, नजर लागली, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या आणि डॉक्टरांनीही फी घेऊन तेच सांगितलं होतं. मला इतकं चिडायला झालं की हसूच आलं. मग त्याही हसल्या, आणि उठून स्वतःच्या ट्रंकेतली एक जुनी सुती साडी काढून दिली. मऊ, हिरवट, धुऊन धुऊन विरलेली. आम्ही दोघींनी मिळून ती पिंजऱ्याभोवती गुंडाळली, काठ आतल्या बाजूला वळवून, चिमटे लावून. अण्णा दिवाणावरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीने साडीचं एक टोक उचलून नुसता हात घालून वाटी बाहेर काढली. वाटी रिकामी. ती वाटी घेऊन घरभर नाचली. मला वाटलं किडे पुन्हा पळाले असतील, कारण आमच्या घरात ते अशक्य नव्हतं. पण त्याच्या पुढच्या दिवशीही वाटी रिकामी आली, आणि फ्रिजमागे नवीन आवाज नव्हता.

त्याच आठवड्यात गावाकडची मोठी फौज आली. टेम्पोभर. अण्णांचे दोन चुलत भाऊ, त्यांच्या बायका, तो टकटक करणारा पुतण्या. जेवणाचीच वेळ. डॉक्टरांकडे वजन करायला आम्हाला सोमवारी जायचं होतं आणि अण्णांची गालफडं इतकी बसली होती की काटा काय दाखवणार ते मला न बघताच कळत होतं. मी त्यांच्यासमोर वाटी-चमचा घेऊन बसले होते. सगळे नेहमीसारखे खुर्च्या ओढून गोलात. "घ्या की आण्णा! आमच्यादेखत!"

तेवढ्यात पुतण्या उठला, पिंजऱ्यापाशी गेला आणि साडीचा चिमटा काढायला लागला. "घुंगटात ठेवला व्हय नवरदेवाला? आमाला बी बघू द्या की."

माझा बांध फुटला. चमचा हातात तसाच, मी जागेवरून ओरडले, "हात लावू नका त्याला! त्याला बघितलेलं चालत नाही. तुम्ही सगळे असे भोवती बसून बघत राहता म्हणून जेवत नव्हता तो. उपाशी मरायला टेकला होता. कुणी टक लावून बसलं तर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? आता पडदा लावलाय तर जेवतोय चार दिवस. ज्याला बघायचंय त्याने घरी जाऊन स्वतःचं तोंड आरशात बघा!"

पुतण्याने चिमटा परत लावला. चुलत सासूबाईंनी पदर सावरला. मी धापा टाकत होते, चमच्यातलं कढण माझ्याच मांडीवर सांडलं होतं.

आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"मला बी."

मी वळले. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते पिंजऱ्याकडे बघत होते, त्या साडीकडे. त्यांनी चांगला, डावा हात उचलला, त्या दिशेने केला, आणि पुन्हा, जड जिभेने, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "मला बी. पडदा."

मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. दुपारी काचेला जेवणाची सुट्टी अशी पाटी लावते आणि तरीही लोक आत डोकावतात, डब्यात काय आहे बघतात. म्हणून मी खुर्ची फिरवून, पाठ करून जेवते. इतकी वर्षं. साध्या पोळी-भाजीसाठी मला पाठ करावीशी वाटते, धड तोंडाने, धड हातांनी. आणि ह्या माणसाच्या ओठांतून ओघळ गळत असताना मी त्याला सहा जणांच्या मध्ये बसवून चमचा पुढे करत होते. सरड्यासाठी मी डॉक्टरला फोन केला होता. अण्णांसाठी मी कढणाच्या पाककृती बदलत बसले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. माझा, अण्णांच्या डॉक्टरांचा, त्या सगळ्या खुर्च्यांचा.

"उठा," मी पाहुण्यांना म्हटलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. ज्या पुतण्याला मी आत्ताच बोलले होते, तोच स्टुलावर चढला, कपड्यांची नायलॉनची दोरी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणून बांधली. आत्याबाईंच्या ट्रंकेतून दुसरी साडी निघाली. ती दोरीवरून सोडली तसा दिवाण दिसेनासा झाला. मी आत जाऊन अण्णांच्या डाव्या हाताशी छोटं टेबल ओढलं, त्यावर वाढलेलं ताट, पाणी, मोठा चमचा आणि पंचा ठेवला. "मी जाते," म्हटलं. त्यांनी मान हलवली.

सगळेजण स्वयंपाकघरात येऊन बसलो. जागा नव्हती, कुणी ओट्याला टेकून, कुणी कांद्याच्या गोणीवर. भिंतीकडे तोंडं करून, कुजबुजत. कुणाला पक्षाचा विनोद सुचला नाही. बाहेरून ताटावर चमचा आपटल्याचा आवाज आला. मग काहीतरी खाली पडल्याचा. आत्याबाई उठायला लागल्या, मी त्यांचा दंड धरून खाली बसवलं. पुन्हा चमचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चमचा.

"जेवले का गं आण्णा?" चुलत सासूबाईंनी अगदी हळू विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी बघितलेलं नाही."

शेवटी फरशीवरून काहीतरी घासत आल्यासारखं झालं. मी दारातून वाकून बघितलं. पडद्याखालून ताट बाहेर आलं होतं, टेबलावरून खाली घेऊन डाव्या हाताने ढकललेलं. काठाशी भात सांडलेला, चमचा उलटा, पाणी लवंडलेलं. मधला भाग मात्र चाटूनपुसून साफ होता. मी ताट उचलायला वाकले तसा पडद्यामागून आवाज आला. थकलेला नव्हे, चांगला चिडलेला.

"फोडणी."

"काय अण्णा?"

"फोडणी नाय," ते म्हणाले. "आळणी. रोज आळणी."

इतके दिवस! इतके दिवस मी ह्या माणसाची पथ्यं सांभाळत होते, आणि त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं आणि सांगायला एकांत मिळत नव्हता. मला किंचाळावंसं वाटलं. मी स्वयंपाकघरात आले, पाहुण्यांना सरकवून गॅस पेटवला, आणि दार घट्ट लावून घेतलं, म्हणजे बाहेर पाव्हण्याला ठसका लागायला नको. मिसळणाच्या डब्यात मोहऱ्या तळाला गेल्या होत्या. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. पुढची दृष्ट काढायला जपून ठेवलेल्या मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या, आणि मी त्या तेलात टाकल्या.